यॉन नदीच्या काठाकाठाने: जिल्सोंच्या गावांना सहा दिवस

एम. ए.ला असताना आमच्या सरांनी एकदा फळ्याच्या डाव्या टोकाला ‘ॲरिस्टॉटल’ लिहिलं, उजव्या टोकाला ‘देकार्त’ लिहिलं आणि मधल्या मोकळ्या जागेवर खडू आपटत विचारलं, “इथे जवळजवळ दोन हजार वर्षं सगळे झोपले होते का रे?” अभ्यासक्रमापुरतं उत्तर ‘हो’ असंच होतं. तास संपल्यावर त्यांनी पिशवीतून एक पानं सुटलेलं इंग्रजी पुस्तक काढून माझ्या हातात ठेवलं. ‘गॉड अँड फिलॉसॉफी’, एतिएन जिल्सों, १९४१. लेखक मध्ययुगीन तत्त्वज्ञानाचा फ्रेंच इतिहासकार. चार व्याख्यानांचं बारीकसं पुस्तक. ते मी परत केलं नाही. सरांनीही मागितलं नाही.

पुढे एकतीस वर्षं नाशिकला तत्त्वज्ञान शिकवलं. मुलं विचारायची, मध्ययुगातली ख्रिस्ती मंडळी वाचून काय करायचं? तेव्हा मी या माणसाची गोष्ट सांगायचे. निवृत्त झाल्यावर लेक म्हणाली, “आई, एकदा जाऊनच ये त्याच्या गावाला.” मग गेले. सोबत आमचे हे. निफाडचे द्राक्ष बागायतदार, गळ्यात तुळशीची माळ. देकार्तशी त्यांचं काही देणंघेणं नाही, पण बर्गंडीतल्या बागा बघायच्या होत्या. एकच रुखरुख होती. निघालो तेव्हा निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून पंढरीच्या वाटेला लागलेली, आणि हे विमानात.

१८ जून, पॅरिस

सॉर्बोनच्या चौकात सकाळी नऊला पोचलो. ऊन नाशिकच्या एप्रिलसारखं. चौकाच्या कडेला व्ह्रँ हे तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांचं दुकान आहे. तेच प्रकाशकही, आणि जिल्सोंची बहुतेक महत्त्वाची पुस्तकं त्यांनीच काढली. मला वाटलं होतं, म्हाताऱ्या मंडळींचं धुळकट दुकान असेल. आत विशीतली पोरं फरशीवर बसून वाचत होती. काउंटरवरच्या मुलीला मी तोडक्या फ्रेंचमध्ये जिल्सों विचारला, तर तिने “कुठला?” असं विचारून बोट दाखवलं. एक अख्खं कपाट.

गोष्ट अशी. १८८४ साली पॅरिसमध्ये जन्मलेला हा कॅथलिक मुलगा सॉर्बोनमध्ये शिकायला आला, तेव्हा तिथे मध्ययुगीन तत्त्वज्ञान जवळजवळ कुणी शिकवत नव्हतं. त्याला प्रबंधाचा विषय सुचवला ल्युसियाँ लेव्ही-ब्र्यूल यांनी, जे स्वतः ज्यू होते आणि ज्यांचं धर्मशास्त्राशी सूत नव्हतं. विषय होता देकार्त आणि स्कोलॅस्टिक परंपरा, म्हणजे मध्ययुगीन ख्रिस्ती विद्यापीठांतलं तत्त्वज्ञान. आधुनिक तत्त्वज्ञानाचा जनक म्हणून ज्याला मिरवतात, त्या देकार्तचे शब्द कुठून आले हे शोधायला जिल्सों बसला आणि एकेक शब्द उलटा मागे नेत तेराव्या शतकातल्या संत थॉमस अक्वायनसपर्यंत जाऊन पोचला. १९१३ साली प्रबंध आला, सोबत त्या शब्दांची जोडसूचीही. म्हणजे एका कॅथलिकाला संत थॉमस भेटला तो पाद्री घडवणाऱ्या सेमिनरीत नाही, तर सेक्युलर सॉर्बोनमध्ये, तोही देकार्तच्या मागल्या दाराने. मला ही गोष्ट सांगताना दर वर्षी मजा यायची.

हे मी ह्यांना बाकावर बसून सांगितलं. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हणजे खुंट.”

“काय?”

“अगं, वरती थॉमसन द्राक्षाची वेल दिसते, पण कलम डॉगरिजच्या खुंटावर, मुळं त्याची असतात ना. घड बघणाऱ्याला कुठं माहीत असतं खाली काय आहे ते.”

एकतीस वर्षांत मला इतकं सोपं उदाहरण सुचलं नव्हतं. मी ते वहीत लिहून घेतलं, त्यांना न दाखवता.

दुपारी कोलेज द फ्रान्स. जिल्सोंने तरुणपणी इथे तत्त्वज्ञ बर्गसनची व्याख्यानं ऐकली आणि १९३२ ते १९५१ स्वतः इथेच मध्ययुगीन तत्त्वज्ञानाच्या इतिहासाचा प्राध्यापक होता. इथली व्याख्यानं कुणालाही फुकट ऐकता येतात, नावनोंदणी लागत नाही, परीक्षा नाही, पदवी नाही. आम्ही गेलो तेव्हा सत्र उरकत आलं होतं. तुम्हाला ऐकायचंच असेल तर हिवाळ्यात किंवा वसंतात या.

तिथून सेनच्या दिशेने उतरलं की र्यू द्यु फुआर लागते. पेंढ्याची गल्ली. तेराव्या शतकात विद्यार्थी इथे जमिनीवर पेंढा टाकून त्यावर बसत. इटालियन कवी दान्तेच्या महाकाव्यातल्या स्वर्गातसुद्धा या गल्लीचं नाव आलंय, आणि दान्तेच्या तत्त्वज्ञानावर १९३९ साली पुस्तक लिहिणारा पुन्हा जिल्सोंच. आज ती शंभर पावलांत संपते. मी दोन वेळा चालले.

रात्री झोप लागेना तेव्हा १९३१ चा तो वाद आठवत पडले. मार्चमध्ये फ्रेंच तत्त्वज्ञान मंडळाच्या बैठकीत जिल्सों आणि तत्त्वज्ञानाचे दुसरे इतिहासकार एमिल ब्रेइए समोरासमोर आले. ब्रेइएंचं म्हणणं साधं होतं: ख्रिस्ती गणित नसतं, ख्रिस्ती भौतिकशास्त्र नसतं, मग ख्रिस्ती तत्त्वज्ञान कुठून आलं? जिल्सोंचं उत्तर इतिहासकाराचं होतं. श्रद्धेमुळे विचाराला असे प्रश्न पडले जे ग्रीकांना पडलेच नव्हते. त्यांची उत्तरं मात्र बुद्धीनेच शोधली गेली. आणि हे प्रत्यक्ष घडलेलं आहे, कागदपत्रं बघा. आपल्याकडे ‘अमृतानुभव’ तत्त्वज्ञान की भक्ती, यावर विभागात किती चहा संपलाय ते मला माहीत आहे. मी कायम जिल्सोंच्या बाजूने भांडायचे, आणि ब्रेइएंचं वाक्य अजूनही टोचतं हेही खरं.

१९ जून, पॅरिस

नोत्र-दामच्या मागे, के ओ फ्लर म्हणजे फुलांच्या धक्क्यावर ९ नंबरचं घर आहे. बाराव्या शतकातला तत्त्वज्ञ आबेलार आणि त्याची विद्यार्थिनी व प्रेयसी एलोईझ १११८ साली इथे राहत होती आणि घर १८४९ मध्ये पुन्हा बांधलं, असं भिंतीवर कोरलंय. दारावर दोघांचे चेहरे. नवं दार, जुनी कहाणी. मग मेट्रोने पेर लाशेझ कब्रस्तान. तिथे दोघांची समाधी, वर दगडी मंडप. १८१७ साली त्यांचे अवशेष इथे आणले. कुणीतरी ताजे गुलाब ठेवले होते. जिल्सोंचं ‘एलोईझ आणि आबेलार’ १९३८ चं. या दोघांनी एकमेकांना लिहिलेल्या पत्रांचा खरेपणा नाकारणाऱ्यांशी तो त्यात वकिलासारखा लढतो, आणि तरीही ते पुस्तक रात्री एका बैठकीत संपतं. त्याच्या सगळ्या पुस्तकांत पहिलं कुठलं वाचावं असं विचाराल तर मी हेच सांगेन.

पेर लाशेझला प्रवेश फुकट, पण दारावरच्या नकाशाचा फोटो काढून घ्या. सातवा विभाग. आम्ही आधी अर्धा तास भलतीकडेच फिरलो.

संध्याकाळी चीजच्या दुकानात एक धक्का बसला. ह्यांना दोन दिवस चीज आवडू लागलं होतं. दुकानदार गप्पिष्ट होता, त्याने कौतुकाने सांगितलं की जुन्या पद्धतीच्या फ्रेंच चीजमध्ये दूध विरजायला वासराच्या जठरातलं रेनेट घालतात. मी भाषांतर करू की नको असा क्षणभर विचार केला. केलं. हे काही बोलले नाहीत. हातातला तुकडा कागदात गुंडाळून मला दिला, बाहेर नळावर हात धुतले आणि माळेला हात लावला. पुढचे चार दिवस मेतकूट, ब्रेड, फळं आणि मी आणलेल्या दशम्या-चटणी. माळकऱ्यांनी आणि कडक शाकाहारींनी हे आधीच ध्यानात ठेवावं. मोरोक्कन हॉटेलात भाज्यांचा कुसकुस मिळतो, पण रस्सा मांसाच्या पाण्यातला नाही ना ते विचारावं.

२० जून, ओसेर

ओसेरची गाडी बेर्सी स्टेशनवरून सुटते, गार द लियोंवरून नाही. नकाशावर दोन्ही शेजारी दिसतात, बॅगा ओढत चालताना दिसत नाहीत. एवढंच सांगते.

गाडी साँस गावावरून जाते. इथल्याच धर्मसभेत, ११४० च्या सुमारास, आबेलारची मतं दोषी ठरवली गेली. फिर्यादी होता मठाधिपती संत बर्नार्ड. गंमत म्हणजे जिल्सोंने दोघांवरही जीव ओतून लिहिलंय. भांडणातल्या दोन्ही पक्षांना समजून घेणं त्याला जमायचं. पुढे राजकारणात ते त्याला महागात पडलं. १९४५ साली संयुक्त राष्ट्रांच्या सॅन फ्रान्सिस्को परिषदेला फ्रान्सच्या शिष्टमंडळात गेलेला हा माणूस १९५० च्या आसपास ‘ल मोंद’ या दैनिकात युरोपने शीतयुद्धात तटस्थ राहावं असं लिहीत होता. त्यावरून त्याला पराभववादी म्हणून झोडपलं. १९५१ मध्ये तो कोलेज सोडून टोरांटोला गेला, तेव्हा निवृत्त प्राध्यापकाला सहज मिळणारं मानद पदही त्याला नाकारलं गेलं.

टोरांटोत त्याने १९२९ मध्येच बॅसिलियन पाद्र्यांबरोबर मध्ययुगीन अभ्यासाची संस्था काढली होती. १९३९ मध्ये तिला पोपची सनद मिळाली. दोन वर्षांपूर्वी लेकीकडे गेले होते तेव्हा ती बघून आले. तिथे लॅटिन हस्तलिखितं वाचायला शिकवतात: अक्षरवळण, शाई, संक्षेप. तत्त्वज्ञ व्हायचं असेल तर आधी कारकुनासारखं वाचायला शिका, हा जिल्सोंचा धडा. बाहेर बर्फ, आणि संध्याकाळी मराठी मंडळींकडे पुरणपोळी.

तर ओसेर. उतरत्या छपरांचं गाव, खाली यॉन नदी, वर तीन चर्चं. कॅथेड्रलचं नाव साँ-तेतिएन. एतिएन म्हणजे स्टीफन. ‘ख्रिस्तपुराण’ लिहिणारे आपले फादर स्टीफन्स यांच्या आडनावातही तेच नाव. साँ-जेर्मेन मठाच्या तळघरात नवव्या शतकातली भित्तिचित्रं आहेत, फ्रान्समधली फार जुनी, १९२७ मध्ये उजेडात आलेली. चित्र कशाचं? संत स्टीफनला दगड मारतात त्याचं. गेरूच्या रंगाचे दगड मारणारे, आणि आकाशातून आलेला एक हात. बाहेर पस्तीस अंशांचं ऊन, आत अंगावर शाल घ्यावी असा गारवा. मार्गदर्शकासोबतच आत सोडतात, वेळा आधी बघून घ्या.

ह्याच मठात एरिक आणि रेमी हे नवव्या शतकातले पंडित शिकवत. सरांच्या फळ्यावरच्या त्या मोकळ्या जागेत बसणारी माणसं. शार्लमेनचं साम्राज्य फुटत होतं, नॉर्मन नद्यांतून चढून येत होते, आणि ही मंडळी तळघराच्या वर बसून व्याकरण आणि तर्कशास्त्राच्या पोथ्यांवर समासात टिपा लिहीत होती. जिल्सोंच्या १९२२ च्या मध्ययुगीन तत्त्वज्ञानाच्या इतिहासात त्यांना जागा आहे.

आणखी एक योगायोग. अकादमी फ्रांसेझ या फ्रेंच भाषेच्या मानाच्या संस्थेत जिल्सोंची निवड १९४६ ची. त्याच्यानंतर त्या खुर्चीवर आला त्याचा विद्यार्थी आंरी गुइए. गुइए जन्मला ओसेरमध्ये. जिल्सों ओसेरमध्येच वारला, १९ सप्टेंबर १९७८ ला, चौऱ्याण्णव वर्षांचा होऊन.

२१ जून, व्हेझले

सेर्मिझेलपर्यंत रेल्वे, पुढे दहा किलोमीटर. बस चुकली. टॅक्सी मिळेपर्यंत पाऊण तास एका भिंतीच्या सावलीत. पाठीवर पिशव्या आणि शिंपले लटकवलेली माणसं समोरून चालत येत होती. “हे कुठं निघाले?” स्पेनला, सांतियागोच्या यात्रेला, म्हटलं. व्हेझलेहून तिकडची एक जुनी पायवाट सुरू होते. हे उठून उभेच राहिले. एका सत्तरीच्या बाईंच्या पायाला पट्टी होती. ह्यांनी पिशवीतून नाशिकची मनुका काढून तिच्या ओंजळीत घातली आणि “राम कृष्ण हरी” म्हणाले. ती “मेर्सी, मेर्सी” करत राहिली. त्यानंतर दिवसभर ह्यांचा चेहरा खुललेला. पालखीची रुखरुख तिथे थोडी कमी झाली असावी.

टेकडीच्या माथ्यावर मेरी माग्दालेनची बॅसिलिका. ११४६ च्या ईस्टरला संत बर्नार्डने दुसऱ्या क्रुसेडची हाक इथेच दिली. पण आम्ही आलो होतो दुसऱ्याच गोष्टीसाठी. मोठ्या दिवसाच्या आसपास, सूर्य बरोबर माथ्यावर येतो तेव्हा, दक्षिणेच्या खिडक्यांतून उजेडाचे ठिपके मधल्या वाटेवर एका सरळ रेषेत, थेट वेदीकडे जाणारे पडतात. १९७६ मध्ये इथल्याच एका फ्रान्सिस्कन पाद्रीच्या हे लक्षात आलं. घड्याळात तेव्हा पावणेदोन वाजलेले असतात, बाराला जाऊन निराश होऊ नका.

दीडला ढग आला. गर्दीतून हलकं ‘ओऽऽ’. पाच मिनिटं, दहा मिनिटं. “कोल्हापूरला किरणोत्सवाला पण असंच होतं,” हे कुजबुजले, “अंबाबाईच्या गुडघ्यापर्यंत येतात किरणं आणि ढग.” पावणेदोन झाले. मग ढगाला भोक पडावं तसं झालं आणि फरशीवर एकदम दिवे लागले. मोजून तीन-चार मिनिटं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक लहान मुलगी एका ठिपक्यातून दुसऱ्या ठिपक्यात उड्या मारत गेली, तिला कुणी अडवलं नाही.

रात्री ओसेरला परतलो तर गावभर संगीताचा उत्सव, दर चौकात कुणी ना कुणी वाजवतंय. एकवीस जूनला फ्रान्सभर हे असतं. हॉटेलची खिडकी रस्त्याकडची असेल तर कापसाचे बोळे ठेवा.

२२ जून, व्हेर्माँतों आणि क्राव्हाँ

हाच दिवस मला सगळ्यात जपून ठेवावासा वाटतो, आणि सांगण्यासारखं त्यात सगळ्यात कमी आहे.

व्हेर्माँतोंला जिल्सोंचं सुट्टीतलं घर होतं. क्राव्हाँ त्याच्या आईचं माहेर, आणि उतारवयात तो तिथेच येऊन राहिला. दोन्ही गावांमध्ये चार-पाच किलोमीटर अंतर, आम्ही चालत गेलो. क्यूर नदीकाठाने, डोक्यावर टोपी, हातात पाण्याची बाटली. वाटेत चेरीची झाडं लगडलेली. एका कुंपणापाशी म्हातारे आजोबा शिडीवर चढून चेरी काढत होते. फोनवरच्या भाषांतराच्या मदतीने मी जिल्सोंबद्दल विचारलं. त्यांनी डोकं खाजवलं, बायकोला हाक मारली. ती म्हणाली, तो अकादमीवाला म्हातारा ना, माझी आई सांगायची. काय सांगायची, ते भाषांतरात कुठेतरी हरवलं. पण ओंजळभर चेरी मिळाल्या.

ह्यांची आणि आजोबांची मात्र भाषेवाचून जमली. आजोबांची इराँसीच्या बाजूला द्राक्षाची थोडी बाग. वेली कमरेएवढ्या, मांडव नाही, आपल्यासारखा वाय आकाराचा आधार नाही, छाटणी वर्षातून एकदाच. आपल्याकडे एप्रिल आणि ऑक्टोबर अशी दोनदा असते हे सांगितल्यावर आजोबांनी बोटं मोजून पुन्हा खात्री करून घेतली. मग ते म्हणाले, एप्रिलमध्ये दंव पडतं तेव्हा रात्रभर बागेत आगीच्या बादल्या पेटवाव्या लागतात. ह्यांनी मोबाइलवर निफाडच्या डिसेंबरातल्या शेकोट्यांचा फोटो दाखवला. आजोबांनी तो बायकोला दाखवला. अर्धा तास असाच. इथल्याही वेली अमेरिकन खुंटावर कलम केलेल्या, एकोणिसाव्या शतकात किडीने जुन्या बागा बसल्यापासून. “बघ,” हे मला म्हणाले. “इथं पण देकार्त.”

क्राव्हाँपाशी क्यूर यॉनला मिळते. शेजारच्या आकोलेबरोबर जोडून झालेल्या आताच्या नगरपालिकेचं नावच ‘दोन नद्या’ आहे. संगमापाशी पाय पाण्यात सोडून बसलो. ह्यांनी विचारलं, “पण त्याने नवीन असं काय सांगितलं?”

सोपं नव्हतं. मी म्हटलं, बायबलात मोशे देवाला नाव विचारतो, आणि देव सांगतो, ‘मी आहे तो आहे.’ जिल्सोंचं म्हणणं असं की थॉमसने हे वाक्य तत्त्वज्ञान म्हणून वाचलं. प्रत्येक वस्तू ‘काय’ आहे हे वेगळं आणि ती ‘आहे’ हे वेगळं. चेरी काय असते ते तू न बघताही सांगशील, पण ती आहे की नाही ते त्यातून निघत नाही. फक्त देवाच्या बाबतीत ‘काय’ आणि ‘आहे’ एकच. ग्रीक लोक ‘काय’ शोधत बसले, थॉमसने ‘आहे’कडे बघितलं. नंतरच्यांनी ते पुन्हा विसरून टाकलं.

हे बराच वेळ पाण्याकडे बघत होते. मग म्हणाले, “विठोबाचं पण तेच ना. काय करतो? काही नाही. उभा आहे.”

इतकं सरळ नाही ते, असं माझ्या ओठांवर आलं होतं. मास्तरकीची सवय. चेरीची बी पाण्यात टाकली आणि गप्प बसले.

२३ जून, मलँ

परतीच्या वाटेवर मलँ. यॉन माँतरोला सेनला मिळते आणि ते पाणी मलँवरून पॅरिसला, फुलांच्या धक्क्याखालून जातं. मलँ ही जिल्सोंची सासुरवाडी. बायको तेरेझ १९४९ मध्ये गेली. त्यालाही इथेच पुरलं. आणि आबेलारने आपली पहिली शाळा काढली तीही मलँमध्येच, बाराव्या शतकाच्या सुरुवातीला, गुरूशी भांडून. पॅरिसहून गाडीने अर्धा तास. पॅरिस आणि उपनगरांचं एकाच दराचं तिकीट इथपर्यंत चालतं.

चार दिवसांच्या उन्हानंतर आभाळ काळंकुट्ट. बाजारात ब्री द मलँ या चीजचं एक चाक घेतलं, छोटं नव्हतंच. कब्रस्तानाच्या दारापाशी पोचलो तर कुलूप आणि कागद: वादळाचा इशारा, आज बंद. जोराचा वारा येणार असला की इथे बागा आणि कब्रस्तानं बंद ठेवतात, झाडं पडतात म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी आमचं विमान. मी गजांना धरून उभी. सरांचं ते पुस्तक पिशवीत होतं, कबरीपाशी एक पान वाचायचं ठरवून आणलेलं.

“पंढरीला गर्दीत आत जाता नाही आलं तर काय करतो आपण?” हे म्हणाले. “कळसाचं दर्शन घेतो.” त्यांनी चप्पल काढली, भिजलेल्या फुटपाथवर उभं राहून गजांतून दिसणाऱ्या झाडांना हात जोडले. मीही जोडले. पुस्तक काढलं नाही, पाऊस आलाच होता.

गाडीत बसलो तोवर पिशवीतल्या ब्रीने आपलं अस्तित्व सिद्ध करायला सुरुवात केली होती. पुढच्या बाकावरच्या मुलाने मागे वळून बघितलं. हे उठले, पिशवी माझ्या मांडीवर ठेवली आणि तीन बाकं सोडून खिडकीपाशी जाऊन बसले.